ससा, पापणी आणि मस्टर्ड गॅस

'जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी अँड एक्स्परिमेंटल थेरप्यूटिक्स' या अमेरिकी मासिकाच्या ८२व्या खंडात, १९४४ साली, चौदा पानांचा एक लेख आला. लेखक तिघे: जॉन ड्रेझ, जेफ्री वुडर्ड आणि हर्बर्ट कॅल्व्हरी. तिघेही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात, म्हणजे एफडीएत, नोकरीला. कातडीला आणि डोळ्याला लागणाऱ्या रसायनांचा दाह कसा मोजायचा, हा विषय. वाचायला रुक्षच. पण त्यातला एक तक्ता पुढे जगभर गेला. शांपू, साबण, फिनेल, रंग, कीटकनाशक, मलम अशा असंख्य वस्तूंना कितीतरी वर्षं याच तक्त्याने गुण दिले.

तक्ता असा. सशाच्या कातडीवर लाली नसेल तर शून्य. जेमतेम दिसत असेल तर एक, ठसठशीत दिसली तर दोन, बऱ्यापैकी ते बरीच असेल तर तीन. बिटासारखी लालभडक झाली किंवा खपली धरायला लागली, तर चार. सुजेचे गुण वेगळे. सुजेच्या कडा स्पष्ट उठून दिसल्या तर दोन, कातडी मिलिमीटरभर वर आली तर तीन, त्याहून जास्त फुगून पट्टीच्या जागेबाहेर पसरली तर चार. 'बिटासारखी' हा शब्द खरोखरच मूळ तक्त्यातला आहे. शास्त्रीय मोजमापात भाजी कशी शिरली, याचं मला फार कौतुक वाटलं, आणि तिथूनच मी या तक्त्याच्या कुळाच्या मागे लागलो.

कृतीही सांगायला हवी. ससा पांढरा, गुलाबी डोळ्यांचा. त्याच्या पाठीवरचे केस यंत्राने भादरायचे. एक जागा धड ठेवायची, दुसरीवर बारीक ओरखडे काढायचे. वरचा थर फाटला पाहिजे, पण रक्त येता कामा नये. एक इंच चौरस गॉझचा तुकडा, त्यावर अर्धा मिलिलीटर द्रव किंवा अर्धा ग्रॅम पूड, वर चिकटपट्टी. मग सशाच्या धडाभोवती रबर लावलेलं कापड गुंडाळायचं आणि त्याला हलता येणार नाही असं २४ तास अडकवून ठेवायचं. पट्टी काढली की पहिलं वाचन, ७२ तासांनी दुसरं. असे बहुधा सहा ससे. सगळ्या आकड्यांचा मेळ घालून शेवटी एक आकडा काढायचा, जास्तीत जास्त आठ. दोनच्या आत आला तर रसायन सौम्य, सहा किंवा त्याच्या वर गेला तर तीव्र.

ही ड्रेझ चाचणी. तिची जन्मकथा कुठल्याही पुस्तकात मिळते, आणि ती सगळीकडे एकच असते. १९३३च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगवायचा रंग निघाला. त्यात पॅरा-फेनिलिनडायअमाइन होतं. हे रसायन आजही केसांच्या काळ्या रंगात असतं, आणि त्याचं लघुरूप पीपीडी. हा रंग लावलेल्या काही बायकांचे डोळे सुजून बंद झाले, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. एफडीएने अशा घातक वस्तूंचं एक प्रदर्शन मांडलं होतं. वर्तमानपत्रांनी त्याला 'भयदालन' असं नाव पाडलं. तिथे एका बाईचे रंग लावण्याआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. १९३७मध्ये सल्फानिलमाइडचं पातळ औषध पिऊन शंभरावर माणसं दगावली. (त्यातलं विष डायएथिलीन ग्लायकॉल. याच रसायनाची भेसळ झालेल्या ग्लिसरीनने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण गेले आणि लेंटिन आयोग बसला.) १९३८मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि सौंदर्यप्रसाधनं पहिल्यांदा सरकारच्या अखत्यारीत आली. पुढच्याच वर्षी ड्रेझ एफडीएत आले आणि चाचणी तयार झाली. पापणी, कायदा, ससा. गोष्ट सरळ आहे.

फारच सरळ आहे. माझं भांडण इथेच सुरू होतं.

पीपीडीमुळे त्या बायकांना जे झालं तो प्रामुख्याने दाह नव्हता, वावडं होतं. हा फरक आपल्याकडे बिब्बा माहीत असलेल्या कुणालाही पटकन कळेल. रसायन जाळतं तेव्हा ते सगळ्यांनाच जाळतं, कुणाला कमी कुणाला जास्त. वावडं मात्र एकाला असतं, त्याच्या शेजारच्याला नसतं. आणि ते पहिल्या स्पर्शात सहसा दिसत नाही. शरीर आधी ते रसायन ओळखून ठेवतं आणि पुढच्या खेपेला उसळतं. बिब्ब्याचा नुसता ताजा चीक लागला तर तो बहुतेकांना उततोच. पण दुसऱ्या महायुद्धात आसामात आलेल्या अमेरिकी सैनिकांची गोष्ट निराळी होती. परीट कपड्यांवर बिब्ब्याची खूण करायचे, आणि ती वाळलेली, धुतलेली इवलीशी खूण मानेला लागून काही सैनिकांना पुरळ आलं. बाकीचे तेच कपडे घालून मजेत होते. त्यांच्या डॉक्टरांनी 'धोबी मार्क'चा हा त्वचाविकार १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय मासिकात छापला, ड्रेझच्या लेखाच्या एकच वर्ष आधी.

आता सशाची पाठ पुन्हा पाहा. पट्टी एकदाच लावायची आणि तीन दिवसांत निकाल द्यायचा. वावडं अंगात मुरायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे लॅश ल्यूर या चाचणीत बसवला असता, तर तो बहुधा फारसे गुण न मिळवता सुखरूप बाहेर पडला असता. वावडं शोधायला वेगळी पद्धत लागते. ती गिनीपिगवर करतात, आणि तिथेही ड्रेझ यांच्या नावाची एक पद्धत आहे. पण जी चाचणी जगाला 'ड्रेझ' म्हणून माहीत आहे, ती ज्या अपघातामुळे जन्माला आली असं सांगतात, तोच अपघात तिला पकडता आला नसता.

याहून मोठा पुरावा खुद्द १९३८च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना, म्हणजे पीपीडीच्या गोतावळ्याला, चक्क सवलत दिली. अट एवढीच होती की बाटलीवर इशारा छापायचा: या रंगाने काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी सूचनेप्रमाणे चाचणी करून पाहा, पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. नव्या अधिकारात एफडीएने पहिला जप्त केलेला माल लॅश ल्यूरच होता, हे खरं. पण पीपीडीवर कायद्याने शोधलेला उपाय ससा नव्हता. गिऱ्हाइकाने स्वतःच्या कातडीवर करायची चाचणी, हा होता.

मग ससा आला कुठून?

ड्रेझ यांची कारकीर्द पाहिली तर उत्तर हाताशी येतं. १९००चा जन्म, शिक्षण आधी रसायनशास्त्राचं आणि मग औषधशास्त्राचं. वायोमिंग विद्यापीठात असताना गुरांना बाधणाऱ्या विषारी वनस्पतींवर काम. आणि १९३५मध्ये अमेरिकी लष्कराने त्यांना बोलावून घेतलं, ते मस्टर्ड गॅस आणि तसल्या रासायनिक अस्त्रांच्या अभ्यासासाठी. एफडीएत ते आले ते तिथून. एफडीएतल्या त्वचा आणि डोळ्यांच्या विभागाचा प्रमुख म्हणून ज्याला नेमलं, तो माणूस आदली काही वर्षं युद्धातल्या फोड आणणाऱ्या विषांत बुडालेला होता. बहुतेक इतिहासांत हे वाक्य येतं आणि पुढचं वाक्य लगेच सौंदर्यप्रसाधनांवर उडी मारतं. माझ्या मते सगळी कुळकथा त्या उडीखाली दबली आहे.

मस्टर्ड गॅसला गॅस म्हणतात खरं, पण तो तेलकट द्रव असतो. जुलै १९१७मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी तो पहिल्यांदा वापरला. अंगाला लागला तरी लगेच काही कळत नाही. काही तास जातात, मग लाली, मग सूज, मग फोड. डोळ्यांत गेला तर ते बंद होतात. लाली आणि सूज ठरावीक तासांनी कातडीवर वाचायची, आणि कातडी व डोळा हे दोन अवयव एकाच दमात धरायचे, हा क्रम मस्टर्ड गॅसच्या डॉक्टरला पाठ असणार. ब्यूटी पार्लरमधून हा क्रम सुचायचं काही कारण नव्हतं.

आणि एक गंमत सापडली. त्याच मासिकाच्या १९१८च्या १२व्या खंडात मार्शल, लिंच आणि स्मिथ या तिघांचा लेख आहे. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या आवारात लष्कराने उभारलेल्या तळावरचं ते काम. मस्टर्ड गॅस पातळ करून कातडीवर लावायचा आणि लाली उमटते का ते पाहायचं, ही पद्धत. गोऱ्यांची कातडी आणि काळ्यांची कातडी यांची तुलनाही त्यात आहे, आणि काळ्या सैनिकांना हा वायू कमी बाधतो असा निष्कर्षही. लाली हीच जिथे खूण, तिथे काळ्या कातडीवर ती कमी दिसणारच, ही शंका आज कुणालाही येईल. पण त्या निष्कर्षाने पुढे बरंच नुकसान केलं. हिंदुस्थानी कातडीला मस्टर्ड गॅस कमी बाधतो की जास्त, हे पाहण्यासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकापासून रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर प्रयोग केले. त्यातल्या काहींना नुसत्या अर्ध्या विजारी आणि सुती सदऱ्यांवर गॅसच्या खोलीत पाठवलं होतं. याची कागदपत्रं उघडकीला आली २००७ साली. अल्बिनो ससा हा लाली न दिसण्यावरचा तोडगा होता, असं मी धरून चालतो: रंगद्रव्य नाही म्हणून लाली लपत नाही. त्याच कारणाने हा सगळा तक्ता गोऱ्या कातडीच्या हिशोबाने लिहिला गेला. आपल्या सावळ्या हातावर 'जेमतेम दिसणारी लाली' आणि 'लाली नाही' यांतला फरक करून दाखवा बरं.

मासिक एकच असणं हा योगायोग असू शकतो, हे मान्य. औषधशास्त्राचं ते अमेरिकेतलं मोठं मासिक. लेख छापायचा तर तिथेच जाणार. म्हणून मी सगळा भार त्यावर टाकत नाही. दुसरा धागा जास्त चिवट आहे. १९४४च्या त्या लेखाचा डोळ्यांचा भाग, म्हणजे सशाच्या डोळ्यात रसायन टाकून ११० पैकी गुण देण्याची पद्धत, ड्रेझनी शून्यातून काढलेली नाही. तिचा पाया जॉन्स हॉपकिन्समधल्या विल्मर नेत्रसंस्थेचे जोनास फ्रीडनवॉल्ड यांनी घातला. आम्ल आणि अल्कली बुबुळाला कितपत सोसतं, यावर त्यांचा लेखही १९४४चाच. आणि याच फ्रीडनवॉल्डांची संस्था युद्धकाळात काय करत होती? मस्टर्ड गॅसने बुबुळाला होणाऱ्या इजेचा अभ्यास. तो १९४८मध्ये छापून आला. डोळ्याचा तक्ता मस्टर्डच्या घरातून आला, तक्ता लिहिणारा मस्टर्डच्या घरातून आला, मग कातडीचा तक्ता तेवढा पापण्यांच्या रंगातून आला, असं कसं मानायचं?

तिसरी गोष्ट ते ओरखडे. प्रसाधनांसाठी कातडी ओरखडायचं कारण काय? दाढी केलेल्या गालाचा विचार असेल, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ओरखडलेली, घामेजलेली, कपड्याखाली चोवीस तास झाकलेली कातडी कुणाची असते? सैनिकाची. युद्धाच्या काळात डास, माश्या, गोचिडी दूर ठेवणारी द्रव्यं सैनिकांच्या अंगाला लावायची होती. त्यांची विषबाधा ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली आणि तो लेख १९४८मध्ये, पुन्हा त्याच मासिकात, आला. रबरी कापडाखाली दिवसभर झाकलेला तो ससा मला तरी पार्लरमधल्या बाईपेक्षा जंगलात चालणाऱ्या शिपायाच्या जास्त जवळचा वाटतो.

माझ्या सिद्धांताचा सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी मात्र लॅश ल्यूर नाही. तो आहे पॅच टेस्ट. १८९५ साली ग्राझच्या परिषदेत योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने ती दाखवली. रुग्णाला कशाचं वावडं आहे ते ओळखायचं तर तोच पदार्थ त्याच्या कातडीवर पट्टीखाली ठेवायचा आणि एक-दोन दिवसांनी उघडून पाहायचा. त्याच्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये ब्रूनो ब्लॉखने ती सुधारली आणि १९३०च्या सुमारास मॅरियन सुल्झबर्गर यांनी अमेरिकेत रुजवली. महाराष्ट्रात तिची ओळख झाली ती मोठ्या प्रमाणात गाजर गवतामुळे. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात दिसू लागलेल्या या तणाने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांवर आणि मानेवर जे उठलं, ते त्याचंच आहे हे पॅच टेस्टनेच पक्कं झालं.

गॉझ, चिकटपट्टी, चोवीस तास, मग वाचन: ड्रेझच्या सशाच्या अंगावरचे हे कपडे याडासोनचे आहेत, यात वाद नाही. पण पॅच टेस्ट विचारते की हा पदार्थ *या* माणसाला चालत नाही का. ड्रेझचा ससा विचारतो की हा पदार्थ किती जाळतो. पहिला प्रश्न डॉक्टरचा, दुसरा दारूगोळा तोलणाऱ्याचा. कपडे त्वचारोगाच्या दवाखान्यातले, हाडं शस्त्रागारातली. एवढी तडजोड मला मान्य आहे, याहून जास्त नाही.

त्यानंतरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर. १९६०मध्ये घातक पदार्थांवर लेबल लावण्याचा अमेरिकी कायदा आला आणि चाचणी सरकारी झाली; पाच किंवा जास्त गुण म्हणजे 'दाहक'. १९७१मध्ये वेइल आणि स्काला या संशोधकांनी पंचवीसच्या आसपास प्रयोगशाळांना तेच पदार्थ वाटले, तर एका प्रयोगशाळेचा सौम्य तो दुसरीचा तीव्र निघाला. बीट किती लाल, यावर माणसांचं एकमत होत नाही, इतकाच त्याचा अर्थ. १५ एप्रिल १९८०ला प्राणिहक्कांचे कार्यकर्ते हेन्री स्पीरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली आणि विचारलं की सौंदर्यापायी रेव्हलॉन ही प्रसाधन कंपनी किती ससे आंधळे करते. कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला पर्यायी पद्धतींसाठी साडेसात लाख डॉलर दिले. १९८१मध्ये प्रसाधन उद्योगाच्या पैशाने पर्याय शोधणारं केंद्र निघालं ते जॉन्स हॉपकिन्समध्ये, म्हणजे ज्या विद्यापीठात फ्रीडनवॉल्डांनी सशाच्या डोळ्यांना गुण द्यायला सुरुवात केली होती तिथेच. त्याच वर्षी विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने कातडीच्या चाचणीची ४०४ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. पट्टी चोवीस तासांऐवजी चार तासांवर आली, ओरखडे गेले, ससे कमी झाले. तक्ता मात्र बिटासकट तोच राहिला. २०१०मध्ये ४३९ क्रमांकाची मार्गदर्शिका आली. तिच्यात ससा नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कातडीच्या पापुद्र्यावर रसायन ठेवतात, धुतात, आणि पेशी किती जगल्या ते पिवळ्याचं जांभळं होणाऱ्या एका रंगद्रव्यावरून मोजतात. निम्म्या किंवा कमी जगल्या तर पदार्थ दाहक.

मस्टर्ड गॅसचं दुसरं अपत्य आपल्याला जास्त ओळखीचं आहे. नायट्रोजन मस्टर्डवरच्या युद्धकाळातल्या अभ्यासातून कर्करोगाची केमोथेरपी निघाली. तिला युद्धातलं कूळ सांगताना कुणी संकोच करत नाही. सशाच्या पाठीबाबत तेवढा प्रामाणिकपणा अजून आलेला नाही, आणि त्याचं कारण मला उघड दिसतं: आंधळ्या झालेल्या बाईची गोष्ट सांगितली की चाचणी दयाळू वाटते.

भारतात मे २०१४मध्ये औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत १४८-सी हा नियम घातला गेला आणि प्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद झाली. नोव्हेंबरपासून तशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. पीपीडी मात्र अजून बाजारात आहे. केसांच्या काळ्या रंगात आहे, झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'त आहे. त्याचं वावडं ओळखणारी चाचणी आजही १९३८च्या कायद्याने सांगितली तीच आहे आणि ती तुम्हालाच करायची आहे. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. रंगाचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, सूज, काहीही आलं तर ते पाकीट फेकून द्या. मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून या वेळी चाचणी टाळू नका, आणि पापण्या-भुवयांना तो रंग कधीही लावू नका.